डावीकडून चाला: बोलिव्हियाच्या ‘डेथ रोड’ची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपत आलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज एका कोड्यापासून सुरुवात करू. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथे सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पण याच देशात एक रस्ता असा आहे, जिथे पोचलं की ड्रायव्हर मुकाट्याने बाजू बदलतो आणि डावीकडून चालवायला लागतो. तो रस्ता संपला की पुन्हा उजवीकडे. एकाच देशात, एकाच रस्त्यापुरता वेगळा नियम. असं का?

उत्तर सांगतो, पण जरा थांबा. आधी त्या रस्त्याची ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्याला ‘डेथ रोड’ म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये ‘एल कामिनो दे ला मुएर्ते’. अर्थ एकच, मृत्यूचा रस्ता. कागदोपत्री नाव मात्र साधं आहे, नॉर्थ युंगास रोड. यूट्यूबवर तुम्ही तो नक्की पाहिला असेल. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला ढगात हरवलेली दरी, मध्ये जेमतेम एका ट्रकची वाट, आणि त्या वाटेवरून हेल्मेटवर गोप्रो लावून सुसाट उतरणारे सायकलस्वार. दक्षिण अमेरिकेत भटकत असताना मीही या रस्त्यावरून माउंटन बाइकने उतरलो. त्या राइडबद्दल बोलणारच आहे. पण खरं सांगायचं तर राइडपेक्षा जास्त डोक्यात राहिला तो रस्त्याचा इतिहास. आपण ज्याला ‘थ्रिल’ म्हणतो, ते तिथे कुठून आलं? ते कोणाच्या घामाचं आणि रक्ताचं आहे? आजचा विषय हा आहे.

एक डोंगर, दोन दुनिया

बोलिव्हियाचं सरकार जिथून चालतं ते ला पाझ शहर साधारण ३,६०० मीटर उंचीवर आहे. शहरातून ईशान्येला निघालं की रस्ता आणखी चढतो आणि ‘ला कुम्ब्रे’ नावाच्या खिंडीत पोचतो. उंची सुमारे ४,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक जवळजवळ तीन कळसूबाई ठेवा, तिथे ही खिंड आहे. झाड नाही, झुडूप नाही. खडक, पिवळं खुरटं गवत आणि आजूबाजूला बर्फाची शिखरं.

आता इथून पलीकडे उतरायला लागा. साठेक किलोमीटरमध्ये तुम्ही जवळजवळ साडेतीन हजार मीटर खाली येता. तळाशी योलोसा नावाचं गाव आहे, उंची १,२०० मीटरच्या आसपास, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही थोडं खाली. तिथे केळी, संत्री, कॉफी. अंगातून घामाच्या धारा. सकाळी जिथे हातमोज्यातही बोटं गारठलेली असतात, तिथून दुपारी टी-शर्टवर पोचायचं.

या उताराच्या पट्ट्याला ‘युंगास’ म्हणतात. अँडीज पर्वत आणि ॲमेझॉनचं जंगल यांच्यामधली ही पायरी. ॲमेझॉनकडून येणारी ओली हवा या डोंगरांना धडकते, वर चढते आणि थंड होऊन तिथेच बरसते. त्यामुळे धुकं, पाऊस आणि दरडी हे इथलं रोजचं जगणं. सह्याद्रीत पावसाळ्यात घाट चढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

मग एवढ्या अडचणीच्या जागी रस्ता हवा कोणाला होता? तर सगळ्यांनाच. वरच्या थंड पठारावर बटाटे आणि लामा, खाली फळं, कॉफी आणि कोका. कोका म्हणजे तीच पानं, जिच्यापासून कोकेन काढतात. पण अँडीजमधले लोक ती पानं हजारो वर्षं नुसती चघळत आलेत. भूक मरते, थकवा कमी जाणवतो, विरळ हवेत काम करता येतं. १५४५ मध्ये स्पॅनिश लोकांना पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि खाणीत राबणाऱ्या माणसांना कोका लागू लागला. युंगासचा कोका डोंगर चढून वर जाऊ लागला. रस्ता नव्हता, पायवाटा होत्या. ला कुम्ब्रेहून निघणारी दगडी फरसबंदीची एक जुनी वाट आजही शाबूत आहे, तिला ‘एल चोरो’ म्हणतात. ती स्पॅनिश येण्याच्याही आधीची. ट्रेकर्स आज ती साधारण तीन दिवसांत उतरतात. शेकडो वर्षं माल असाच जायचा, माणसांच्या, लामांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून.

ज्यांनी रस्ता खोदला, त्यांना तो नको होता

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि त्यांच्यासाठी वाट पाहिजे झाली. इथे गोष्टीत एक युद्ध येतं, ज्याबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळही नव्हती.

१९३२ ते १९३५. बोलिव्हिया विरुद्ध पराग्वे. नाव, चाको युद्ध. चाको म्हणजे या दोन देशांमधला प्रचंड, सपाट, काटेरी झुडपांचा, रणरणता प्रदेश. १८७९ नंतरच्या युद्धात चिलीने बोलिव्हियाचा समुद्रकिनारा घेतला होता. देशाला समुद्र उरला नव्हता. चाको मिळाला तर पराग्वे नदीतून अटलांटिकपर्यंत पोचता येईल, असा हिशोब. त्यात चाकोच्या खाली तेल असल्याची चर्चा. दोन गरीब, समुद्र नसलेले देश एकमेकांना भिडले. दोन्हीकडचे मिळून मृतांचा अंदाज लाखाच्या आसपास जातो, आणि त्यातले कितीतरी गोळीने नाही, तर तहानेने आणि आजाराने गेले. बोलिव्हियाच्या थंड पठारावरचे आयमारा आणि केचुआ शेतकरी त्या भट्टीत लढायला नेले गेले. युद्ध बोलिव्हिया हरला.

या युद्धात बोलिव्हियाच्या हाती पराग्वेचे सुमारे अडीच हजार कैदी लागले. त्यातल्या अनेकांना कामाला कुठे जुंपलं? बरोबर ओळखलंत. युंगासच्या रस्त्यावर.

जरा कल्पना करा. पराग्वे हा सखल, उष्ण देश. तिथल्या एखाद्या खेड्यातला पोरगा, वय तुमच्याच आसपासचं. त्याला उचलून अँडीजमध्ये आणलंय, जिथे श्वास पुरत नाही. आणि सांगितलंय, हा कडा फोड, इथून वाट काढायची आहे. ही वाट त्याच्या गावाला जात नाही. त्याच्या देशातही जात नाही. ज्यांनी त्याला पकडलं, त्यांच्या बाजाराला जाते. कड्यावरून खाली गेलेला माणूस परत वर आणायची सोयही नाही. १९३६ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला आणि वाचलेले घरी गेले. रस्ता मात्र मागे राहिला.

डोंगरी रस्त्यांबद्दल बोलताना आपण नेहमी इंजिनिअरचं कौतुक करतो. ‘काय घाट बांधलाय!’ पण डोंगर फोडणारे हात कोणाचे होते, हे सहसा विचारत नाही. डेथ रोडवर हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण मृत्यू तिथे गाड्यांच्या आधी पोचला होता.

चुस्पिपाटाची दरी

नवा डांबरी रस्ता सोडून जुन्या कच्च्या रस्त्याला जिथे लागतात, त्या भागाचं नाव चुस्पिपाटा. आज तिथे सायकलवाल्यांच्या व्हॅन थांबतात, लोक सँडविच खातात, हेल्मेटचे पट्टे आवळतात. मीही तेच केलं. पण बोलिव्हियाच्या राजकारणात हे नाव वेगळ्याच कारणासाठी घेतलं जातं.

१९४४ चा नोव्हेंबर. राष्ट्राध्यक्ष होते मेजर ग्वाल्बेर्तो व्हियारोएल, लष्करी उठावातून सत्तेवर आलेले. त्यांच्याविरुद्ध एक बंड झालं आणि फसलं. त्यानंतर विरोधी बाजूच्या काही नेत्यांना पकडून चुस्पिपाटाला आणण्यात आलं. त्यात सिनेटरसुद्धा होते. त्यांना मारून मृतदेह दरीत टाकले गेले.

गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, हेच व्हियारोएल पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, आदिवासी प्रतिनिधींची देशातली पहिली मोठी परिषद भरवतात आणि जमीनदारांकडच्या वेठबिगारीविरुद्ध हुकूम काढतात. इतिहासात माणसं अशी सरळ काळी-पांढरी सापडत नाहीत. २१ जुलै १९४६ ला ला पाझमध्ये जमाव राजवाड्यात घुसला, त्यांना ठार केलं आणि मृतदेह समोरच्या चौकात दिव्याच्या खांबाला लटकवला.

हे का सांगतोय? कारण माणूस गायब करायचा तर त्या सरकारला कुठली जागा सुचली? हीच. दरी इतकी खोल, धुकं इतकं दाट. कुठलाही रस्ता सगळ्यांसाठी एकसारखा नसतो. कोणासाठी तो बाजाराला जायची वाट असते, तर कोणासाठी शेवटची.

कोड्याचं उत्तर

चला, आता त्या डाव्या-उजव्याकडे येऊ.

१९५२ मध्ये बोलिव्हियात क्रांती झाली आणि १९५३ मध्ये जमीन सुधारणा कायदा आला. युंगासच्या मोठमोठ्या जमीनदारांच्या शेतांवर राबणाऱ्या कुटुंबांना जमिनी मिळाल्या. आता त्यांचं स्वतःचं पीक होतं आणि ते विकायला ला पाझला न्यायचं होतं. वाट एकच. एकच गाडी मावेल अशी, पण वाहतूक दोन्ही बाजूंनी. काही ठिकाणी रुंदी अवघी तीन मीटर. कठडा नाही. खाली सहाशे मीटरपर्यंत सरळ दरी. वरून धबधब्यांचं पाणी थेट रस्त्यावर. त्यातून बस चालल्यात, संत्र्यांनी भरलेले ट्रक चाललेत, आणि ट्रकच्या हौद्यात पोत्यांवर माणसं बसलीत, कारण बसपेक्षा ते स्वस्त.

समोरासमोर दोन ट्रक आले की काय? नियम असा. चढणाऱ्या गाडीला पहिला मान. ती डोंगराच्या कुशीतून, आतल्या बाजूने जाणार. उतरणाऱ्या गाडीने दरीच्या बाजूला जायचं, आणि जागा नसेल तर रिव्हर्स घेत मागच्या रुंद वळणापर्यंत परत जायचं. दरीच्या काठावरून, रिव्हर्समध्ये! चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हे आपल्या घाटातही आहे, त्यामुळे एवढं आपल्याला पटतं.

पण डावी बाजू का? आपण म्हणू, त्यात काय विशेष, आपणही डावीकडूनच चालवतो. फरक इथे आहे. आपल्या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडे असतं. बोलिव्हियात ते डावीकडे. ला पाझकडून उतरताना दरी डाव्या हाताला येते. म्हणजे डावीकडून चालवलं की उतरणारा ड्रायव्हर बरोबर दरीच्या वर बसलेला असतो. खिडकीतून मान बाहेर काढली की त्याला स्वतःचं बाहेरचं चाक दिसतं आणि चाकाखाली किती जमीन उरलीय तेही दिसतं. चार बोटं की दोन.

हा नियम सांगताना आमच्या गाइडने व्हॅनच्या खिडकीतून मान बाहेर काढून खाली बघून दाखवलं. हसत हसतच दाखवलं. पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. रस्ता रुंद करता येत नव्हता, कठडा बांधायला पैसे नव्हते, मग लोकांनी निदान मरण नीट दिसेल अशी सोय करून घेतली.

तरी गाड्या पडायच्याच. २४ जुलै १९८३ ला एक बस या रस्त्यावरून दरीत गेली. शंभरहून अधिक माणसं गेली. बोलिव्हियाच्या इतिहासातला हा सर्वात भीषण रस्ते अपघात मानला जातो. एका बसमध्ये शंभरहून जास्त माणसं! या एका आकड्यातच कळतं की बस किती भरलेली असायची आणि लोकांपुढे दुसरा पर्याय किती होता. एकूण वर्षाला दोनशे ते तीनशे मृत्यू, असा अंदाज सर्रास दिला जातो. ट्रकच्या हौद्यात बसणाऱ्याला तिकीट नसतं आणि तिकीट नसलेल्याचं नाव कुठल्या यादीत नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

लोकांनी आपापले उपाय शोधले. ला कुम्ब्रेला ख्रिस्ताचा पुतळा आहे. तिथे थांबून ड्रायव्हर जमिनीवर थोडी दारू शिंपडत, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. देव दोन्ही, कारण धोका एकट्याच्या आवाक्यातला नाही. आपल्या बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाशी गाडीतून नाणं टाकणाऱ्या ड्रायव्हरला हे सांगितलं तर तो लगेच मान डोलावेल. काही आंधळ्या वळणांवर स्वयंसेवक दिवसभर उभे राहायचे, हातात एक लाल आणि एक हिरवी चकती घेऊन. जिवंत सिग्नल. जाणारे ड्रायव्हर त्यांना चार नाणी द्यायचे. आणि वळणावळणावर क्रॉस उभे राहिले. प्रत्येक क्रॉस म्हणजे एक घर.

धोक्याला किंमत आली

१९९५ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने हा जगातला सर्वात धोकादायक रस्ता असल्याचं म्हटलं. बँकेच्या भाषेत हा इशारा होता, की बाबांनो, इथे काहीतरी करा. पण जगात दुसरीकडे बसलेल्या काही लोकांनी ते वाक्य जाहिरातीसारखं वाचलं. सर्वात धोकादायक? मग जायलाच पाहिजे!

१९९८ च्या सुमारास इथे परदेशी पर्यटकांना सायकलवरून उतरवण्याचा धंदा सुरू झाला. सायकलसाठी हा रस्ता म्हणजे लॉटरी. पेडल फारसं मारावंच लागत नाही, साठ किलोमीटर नुसता उतार. पुढे २००६ च्या सुमारास नवा, दुपदरी, डांबरी रस्ता वाहतुकीला खुला झाला. बोगदे, पूल, कठडे, सगळं असलेला. त्याचं काम दोन दशकं रेंगाळलं होतं. ट्रक आणि बस तिकडे वळल्या. जुना रस्ता जवळजवळ रिकामा झाला आणि सायकलवाल्यांच्या हाती आला. २००९ मध्ये ‘टॉप गिअर’ या ब्रिटिश कार्यक्रमाने तिथे शूटिंग केलं आणि रस्ता घराघरात पोचला.

म्हणजे क्रम कसा झाला बघा. जोवर तिथे स्थानिक लोक मरत होते, तोवर ती बातमीतली एक ओळ होती. ते तिथून जायचे बंद झाले आणि रस्त्याचा ब्रँड झाला.

माझे दोन ब्रेक

आता राइड. पहिला टप्पा नव्या डांबरी रस्त्यावरून, ला कुम्ब्रेपासून खाली. थंडीने डोळ्यांतून पाणी येतं, वेग पटकन वाढतो, शेजारून ट्रक जातात. वाटेत उंदुआवीला अमली पदार्थविरोधी पोलिसांची चौकी लागते, कारण कोका पिकवणं इथे कायदेशीर असलं तरी त्याचं कोकेन करणं गुन्हा आहे.

खरा रस्ता चुस्पिपाटानंतर. सुटी खडी, ओला मुरूम, मध्येच नाल्यासारखं वाहणारं पाणी. सूचना तीनच. एक, डावीकडूनच चालवायचं, म्हणजे दरीच्या बाजूने, कारण खालून एखादी गाडी आली तर ती आतल्या बाजूने येणार. दोन, पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, खडीवर चाक घसरतं. तीन, दरीकडे बघायचं नाही. सायकल तिकडेच जाते, जिकडे नजर जाते.

ही तिसरी सूचना सगळ्यात अवघड. नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची, वजन मागे, गुडघे सैल, पेडल समांतर. ब्रेक सतत आवळून ठेवला तर डिस्क तापते आणि पकड कमी होते, म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. तासाभरात पाय ठीक असतात, पण पंजे दुखायला लागतात. बोटं हँडलवरून सरळ होईनात. सान हुआन नावाचा धबधबा रस्त्यावरच कोसळतो, त्याच्या तुषारांतून जाताना चष्म्यातून काही दिसत नाही आणि डाव्या हाताला काय आहे ते पक्कं माहीत असतं.

मजा आली का? आली. खोटं कशाला बोलू? भीतीने सगळं लख्ख दिसायला लागतं, पानावरचा थेंबसुद्धा. हे आकर्षण खरं आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण एका वळणावर आम्ही थांबलो. ग्रुपमधले दोघं कड्याच्या टोकावर उड्या मारत फोटो काढत होते. त्यांच्या पायाशी, गवतात, एक छोटा सिमेंटचा क्रॉस होता. त्यावरची अक्षरं पावसाने पुसट झालेली. मी माझ्या सायकलकडे पाहिलं. दोन हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे-मागे सस्पेन्शन, डोक्यावर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, मागे येणारी व्हॅन, तिच्यात प्रथमोपचाराची पेटी. मनात आलं, या वळणावरून संत्र्यांच्या पोत्यांवर बसून गेलेल्या बाईकडे यातलं काय होतं?

धोका आता संपलाय, असं मात्र कोणी समजू नका. १९९८ पासूनच्या पहिल्या बारा-एक वर्षांतच किमान १८ सायकलस्वार या रस्त्यावर मेल्याचं बातम्यांत नोंदलं गेलंय. दरी तेवढीच खोल आहे. स्वस्तातली, ब्रेक झिजलेली सायकल घेऊन उतरणं किंवा एका हाताने व्हिडिओ काढणं म्हणजे शौर्य नाही. जायचं असेल तर आधी ब्रेकचे पॅड बघा, टायर बघा, आणि गाइड घाई करतोय असं वाटलं तर तोंड उघडा. तरी एक फरक उरतोच. मी ‘नको’ म्हणू शकत होतो. व्हॅनमध्ये बसून खाली जाऊ शकत होतो. नव्या रस्त्याने जाऊ शकत होतो. माझा धोका मी पैसे देऊन विकत घेतला होता. आधीच्यांचा धोका त्यांच्या जगण्याला चिकटून आला होता.

खाली काय आहे?

बहुतेक पर्यटक योलोसाला उतरतात, आंघोळ करतात, जेवतात, ‘मी डेथ रोडवरून वाचलो’ असं छापलेला टी-शर्ट घेतात आणि संध्याकाळी ला पाझला परत. मी वरच्या कोरोइको गावात दोन दिवस राहिलो आणि ते बरं झालं. कारण रस्ता ज्यांच्यासाठी होता, ती माणसं तिथे आहेत.

कोरोइकोच्या समोरच्या डोंगरावर तोकान्या नावाचं छोटं गाव आहे. तिथे आफ्रो-बोलिव्हियन लोक राहतात. स्पॅनिश राजवटीत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांचे पूर्वज युंगासच्या शेतांवर कोका तोडण्यासाठी राबवले गेले. ‘साया’ हे ढोलाच्या तालावरचं त्यांचं गाणं-नाच आज देशभर ओळखलं जातं. २००९ च्या राज्यघटनेत त्यांना स्वतंत्र समाज म्हणून मान्यता मिळाली. तीही सहज नाही, वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर.

कोकाचे मळे आजही आहेत, डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांचे. पानांची पोती ला पाझच्या व्हिया फातिमा भागातल्या बाजारात जातात, पण आता नव्या रस्त्याने. जुन्या रस्त्यावर स्थानिक वस्त्या सायकलवाल्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतात. काही पर्यटक त्यावर कुरकुर करतात. मला तर ती रक्कम कमीच वाटली.

आणि एक गोष्ट मनापासून आवडलेली. गाड्या कमी झाल्यावर रस्त्यालगतच्या जंगलात प्राणी परतलेत. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटीच्या अभ्यासकांनी कॅमेरे लावून पाहिलं, तर तिथे १६ प्रकारचे सस्तन प्राणी आणि पक्ष्यांच्या ९४ जाती नोंदल्या गेल्या. धूर, धूळ आणि हॉर्न गेले आणि डोंगराने आपली जागा परत घेतली.

शेवटी एवढंच

मंडळी, हा इतिहास सांगण्यामागे ‘साहसी पर्यटन वाईट’ असं काही म्हणायचं नाही. तुम्ही जावं, सायकल चालवावी, घाबरावं, हसावं. त्या पैशांवर तिथली घरंही चालतात. पण ‘मी वाचलो’ या दोन शब्दांचं वजन कळायला हवं. त्या रस्त्यावर वाचणं ही ज्यांच्यासाठी रोजची परीक्षा होती, त्यांनी कधी टी-शर्ट छापले नाहीत. पराग्वेचे कैदी, चुस्पिपाटाला आणलेले नेते, १९८३ च्या बसमधली माणसं, लाल-हिरव्या चकत्या घेऊन पावसात उभे राहिलेले स्वयंसेवक, यांच्यातल्या कोणालाही थ्रिल नको होतं. त्यांना घरी पोचायचं होतं.

रस्ता धोकादायक होता तो फक्त डोंगरामुळे नाही. दुसरा रस्ता बांधायला सत्तर वर्षं लागली, म्हणून. डोंगर तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. दुसरा रस्ता झाला आणि मरणं कमी झालं. जगात कुठेही, अगदी आपल्याकडेही, एखादा घाट ‘मृत्यूचा सापळा’ म्हणून बातमीत आला, की पहिला प्रश्न हाच विचारा. इथून जाणाऱ्यांना दुसरी वाट होती का? नसेल, तर ती का नव्हती?

एपिसोड आवडला तर घाट आवडणाऱ्या एखाद्या मित्राला पाठवा. फक्त गाडी चालवताना नको, थांबल्यावर. भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा, आणि घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्या!